हुसेन तेव्हा बंगल्यावर होता

मी केलेली सांदणं बाईसाहेबांनी माझ्यादेखत कुत्र्यापुढे टाकली. एकेक करून. कुत्र्याला आवडली. निदान त्याला तरी.

तेव्हा मी विशीतली. कुवेतला येऊन दोन उन्हाळे झालेले, पण अक्कल अजून रत्नागिरीच्या बंदरातच. तेलकंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया होते. त्यांचा कुत्रा मला बघून शेपटी हलवतो, याचाही मला तोरा!

त्या आठवड्यात आमच्या फिंतास गावातल्या खोल्यांकडे गोड्या पाण्याचा टँकर आलाच नव्हता. एका दुपारी आला, तर माणसं डबे घेऊन एकमेकांवर चढली. टँकरवाल्याचं डोकं फुटलं. मारणारे पळाले. संध्याकाळी पोलिसांनी खोल्यांत जे सापडले ते उचलले. त्यात माझा धाकटा भाऊ हुसेन. नुकताच कामावरून येऊन आडवा झालेला.

ती अख्खी दुपार हुसेन बंगल्यावर मेजवानीची पापलेटं साफ करत होता. बाईसाहेब नाकाला रुमाल लावून शेजारीच उभ्या. "काँटा नहीं माँगता," सारखं चाललेलं.

म्हणजे साक्ष पक्की. साहेबानं एक शब्द टाकला की हुसेन घरी. आमच्यात कुणाकडे मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत. म्हणून या शहाणीनं शेजारणींकडून प्यायचं पाणी मागून आणलं आणि तांदळाची सांदणं उकडली. पाण्यापायी भाऊ कोठडीत, आणि ही बया पाण्याची वाफ करतेय!

बाईसाहेबांनी डबा घेतला. म्हणाल्या, "हुसेन किधर था, हमको याद नहीं."

"मेमसाब, आप बाजू में खड़ा था."

"साहब पुलिस के लफड़े में नहीं पड़ेगा." मग डबा उघडला. कुत्र्याला हाक मारली.

मी काय केलं? काही नाही. उभी राहिले. वर "जी मेमसाब" म्हणाले.

कुत्र्याचं खाणं झाल्यावर हुकूम आला, "टब भरो. इसको नहलाओ."

नळ सोडला. गोडं पाणी, मनगटाएवढी धार. टब अर्धा भरला आणि माझा हात आपोआप नळावर गेला. बंद केला.

"नहीं," मी म्हणाले.

"नौकरी जाएगा, आया."

"जाने दो."

तशीच पोलीस ठाण्यावर गेले. दुभाष्या आपलाच, मुंबईकडचा. त्याला सांगितलं, हुसेन तेव्हा बंगल्यावर होता, मी पाहिलंय. त्यानं ते शिपायाला सांगितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "बहीण, साहेबाला घेऊन ये. तुझं कोण ऐकणार?"

दिवसभर ठाण्याच्या फाटकाशी बसले. संध्याकाळी नवरा न्यायला आला. "चल गो घरी. उद्या आपल्यालाही बोटीत घालतील."

त्याचं खोटं नव्हतं. हुसेनला मुंबईच्या बोटीत घातलं. टँकरवाल्याचं डोकं फोडल्याचा ठपका घेऊन तो गेला. मला धक्क्यावर जाऊ दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर चुकला, पुन्हा मारामारी, पुन्हा धरपकड. शेजारणीच्या नवऱ्याला नेलं. तो त्या वेळी आमच्या दारात बसून खाट विणत होता. मी पदर खोचला आणि ठाण्यावर गेले. हाकलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा हाकलली. त्यालाही बोटीत घातलंच.

ऐकत नाहीत. ऐकणारही नाहीत. पण मी पाहिलेलं असताना "कुणी पाहिलं नाही" असं लिहून कागद बंद करायचा असेल, तर आधी मला फाटकावरून ओढून बाजूला करावं लागेल. प्रत्येक वेळी.