फायबरचं कापड

कमरआपाचा आमच्या शेडमध्ये कुणावरच विश्वास नव्हता. चहावाल्यावर नाही, वजनकाट्यावर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर तर मुळीच नाही. ते मी मुद्दाम मागे ठेवतो, असं ती सगळ्यांना सांगायची. मी म्हणजे शिवानंद, तिथला सुपरवायझर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आम्ही कूलरच्या बॉड्या बनवतो. साच्यावर फायबरचं कापड अंथरायचं, वरून ब्रशनं रेझिन नावाचं चिकट रसायन लावायचं, वाळलं की साचा सोडवायचा. कापड कापायचं काम आपाचं.

त्याआधी बावीस वर्षं तिनं शाळेच्या गणवेशांचं कटिंग केलं होतं. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या बाया पुष्कळ, पण कटिंगच्या टेबलावर बाई क्वचितच दिसते. तो कारखाना बंद पडला आणि ती आमच्याकडे आली, स्वतःची कात्री घेऊन. दहा इंची, जड, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली. रोज सकाळी ती मलमलीची चिंधी ओली करून कात्रीच्या टोकानं कापून बघायची. सरळ कापली तर कामाला सुरुवात. चिंधी पात्यांत चुरगळली तर "कात्री चावायला लागली" म्हणायची, आणि मग त्या दिवशी आमचं काही खरं नसायचं.

येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच कात्री चावायला लागली.

शिंपीकामातल्या माणसाला पहिला धडा असतो तो हा, की कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार जाते. आणि शेडमध्ये कागद कापणारी एकटी केराबाई. वळसंगहून वडापच्या, माणसं कोंबून आणणाऱ्या जीपनं यायची, रेझिन लावायची, मधल्या वेळात साच्यांच्या मापाचे कागदी फर्मे कापायची. त्यासाठी तिला वेगळी, छोटी कात्री दिलेली होती. पण आपाचं समाधान एवढ्यावर होतंय कुठलं!

"केराबाई, माझी कात्री कागदाला लावली का तू?"

"न्हाय वो आपा. तुमची कात्री मला उचलत बी न्हाय."

"मग धार काय उंदरानं खाल्ली?"

आपानं धार लावून आणली. आठ दिवसांत पुन्हा गेली. मग ती घरी जाताना कात्रीच्या मुठींना दोरा बांधायला लागली, स्वतःच्या खास गाठीचा. सकाळी गाठ जशीच्या तशी असायची. मला वाटलं, आता तरी संशय फिटेल. तर आपा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, बाई लई हुशार हाय. माझी गाठ सुदिक शिकली."

मला हसू आलं आणि तिचा रागही आला. चहा झाकून ठेवायची, केराबाई टेबलाजवळून गेली की कापडावर हात ठेवायची. अशा माणसाशी बोलणार तरी काय! इकडे उन्हाळा तोंडावर आलेला आणि कापडाच्या कडा कुसकरलेल्या. सुटलेले धागे रेझिनमध्ये गुठळ्या करायचे, बॉड्या परत यायच्या. मालक सोमेशशेठ एक दिवस वैतागून म्हणाले, "दोघींतली एक ठेवा आणि भांडण मिटवा."

कटिंग करणारी दुसरी मिळणार नव्हती. मी केराबाईला म्हटलं, थोडे दिवस घरी थांब.

"काडलं व्हय मला?"

"काढलं नाही गं. थोडे दिवस."

"जीपला माज्या गावच्या चार बाया हायत अण्णा. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावती म्हून घरी बसिवली, असं गावभर हुईल. मग मला कोण कामाला घील?"

मी घड्याळाकडे बघितलं. ती डबा उचलून गेली.

फर्मे मी कापायला लागलो. दहाव्या दिवशी कात्री पुन्हा चावली. चिंधी हातात घेऊन आपा बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली. माझं टाळकंच फिरलं. तिला आणि कात्रीला गाडीवर घालून थेट विजापूर वेशीत नेलं, बंदेनवाजचाचांकडे. तिच्या कात्रीला वर्षानुवर्षं तेच धार लावत आलेले. चाचांनी पात्यावरून नख फिरवलं.

"काच कापती काय गं तू?"

"काच कशाला कापू? फायबरचं कापड हाय." तिनं ओढणीला चिकटलेला एक तुकडा काढून दिला.

चाचांनी तो उलटासुलटा केला. "कापडातली बाई तू. जाळून बघितलं न्हाय?"

आपाचा चेहरा उतरला. कुठलंही नवं कापड आलं की ती आधी त्याचा दोरा जाळायची. सुताला जळक्या कागदाचा वास, लोकरीला केसाचा, नायलॉनचा वितळून मणी होतो. याच कापडाचा दोरा तिनं कधी जाळला नव्हता. चाचांनी काडी ओढली. दोरा लाल झाला, काडी विझली, दोरा होता तसाच.

"जळत न्हाय. वितळत बी न्हाय. अण्णा, हे काय हाय?"

"काच," मी म्हटलं. "काचेचा धागा असतो तो."

"फायबर म्हंजे प्लास्टिक न्हवं?"

तिचं काय चुकलं? फायबरची खुर्ची, फायबरचं दार, सगळं सोलापूर तसंच बोलतं. तीन महिने ती हाताला खोबरेल चोळून खाजवत होती आणि नायलॉन समजून काच कापत होती.

"काचेपुढं कुठलीच धार टिकत न्हाय," चाचा म्हणाले. "ही कात्री घरी ने. तिथं टाकून देता येईल असं पातं वापर."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तीन हत्यारं आणली आणि आपानं तिन्हींची उलटतपासणी घेतली. पातं मोडून पुढे सरकवायचा कटर विणीतले धागे ओढतो, म्हणून बाद. गोल चाकाच्या कटरला "हे काय, शंकरपाळ्या कापायचं?" म्हणाली, पण खाली रबराची चटई घालून दाबून फिरवल्यावर एक धागा हलला नाही. पातं बोथट झालं की बदलायचं. गोलाईसाठी बारीक दातांची स्वस्त कात्री ठेवली, कापड त्यातून निसटत नाही. कडा सरळ यायला लागल्या.

आपा काही खूश दिसेना. शनिवारी म्हणाली, "अण्णा, उद्या वळसंगला जायचं. तुमी बी चला."

केराबाई दारात तूर निवडत बसली होती. घरी बसल्यापासून तिला कुणी खुरपायलाही बोलावलं नव्हतं. आपानं तिचा हात धरला आणि शेजारपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "हिनं माझ्या कात्रीला हात लावला न्हवता. चूक माझी हाय. मला ठाऊक न्हवतं ती काच हाय म्हून."

केराबाईनं तिला आत नेऊन पाणी दिलं, चटईवर बसवलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळली.

"अण्णा, आपांला ठाऊक न्हवतं. तुमाला तर ठाऊक हुतं की."

होतंच. वाळलेल्या बॉडीच्या कडा कापताना रोज दोन पाती मीच बोथट करून फेकत होतो. आपाला संशयी म्हणून हसत बसलो आणि केराबाईला घरी पाठवलं. तिचं काही चुकलेलं नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते सांगणारा शेडमध्ये मी एकटाच होतो.

"सोमवारी ये," मी कसंबसं म्हटलं.

"यीन," ती म्हणाली. "पन आपांनी बोलिवलं म्हून."