रुमालाखाली दिलेला शब्द

डाळमिलच्या मालकाने मला फसवलं आणि मी मिस्त्रीमामांना फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच सौद्यातून झाल्या. फरक एवढाच, की मालकाने शब्द मोडला आणि मी तो तपासला नाही.

माझा धंदा काय आहे हे माझ्या आईलाही नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, "मोबाईलमधी काहीतरी करतोय, पण घर चालवतोय." सुरुवात नांदेडच्या बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात झाली. दुकानांची, क्लासेसची, दवाखान्यांची सोशल मीडियावरची पानं मी चालवायचो. काही वर्षांनी लक्षात आलं, की हे लोक बाहेरच्या जगाला पुष्कळ सांगतात, पण त्यांच्याच आतल्या माणसांना एकमेकांचं ठाऊक नसतं. एका शाखेत काल सुटलेली अडचण दुसऱ्या शाखेत आज पुन्हा पहिल्यापासून सोडवली जाते. मग मी तेच काम धरलं : एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या हातापर्यंत पोचवायचं. याला सल्लागार म्हणतात. मी कुणाच्या ओळखीने आलो नाही, भांडून आलो. प्रत्येक बैठकीत माझं एक वाक्य ठरलेलं असे : "जे लिहिलं नाही, ते राहिलं नाही." लोक माना डोलवायचे.

बोलणी करायला मात्र मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. मुखेडच्या आठवडी बाजारात माझा बाप बैलांचा दलाल होता. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल पडे आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरे. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी कुणाला काही कळत नसे. कागद नाही, सही नाही. बाप म्हणायचा, "रुमालाखालचं मोडणाऱ्याला दुसऱ्या बाजारात कुणी बसू देत न्हाई." हे मी बघत मोठा झालो आणि खरं मानत आलो.

डाळमिलचा मालक लातूरचा. पिढीजात व्यापारी, कपाळावर भस्म, बोलायला गोड. लातूरची मिल चोख चालायची, पण त्याने नांदेडला दुसरी काढली तिथे तुरीची डाळ कमी आणि चुरी जास्त निघायची. मशीन तेच, तूर तीच. फरक एका माणसाचा होता. लातूरला मिस्त्रीमामा होते.

चाळीस वर्षं मामा त्या मिलमध्ये होते. तुरीचा दाणा दाताखाली धरून 'कट्' आवाज कसा येतो त्यावरून तो किती वाळलाय ते सांगायचे. तूर भरडणारा रोल फिरत असताना लोखंडावर तळहात ठेवायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "दाणा रडायलाय. दाब कमी कर." एवढंच. नांदेडला अडलं की मामांना बसमध्ये बसवायचं, अहमदपूर, लोहा करत नेऊन पोचवायचं, असा प्रकार चालला होता. वय झालेलं, गुडघे गेलेले.

मामांचं कसब नांदेडला पोचवायचं काम मालकाने मला दिलं. मी आधी छापील फॉर्म घेऊन गेलो. अडचण, कारण, उपाय असे तीन रकाने. मामांनी तो कागद हातात घेतला, घडी घातली आणि खिळखिळ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला.

"हां, आता हालत न्हाई," ते म्हणाले. "तुमचा कागद कामाला आला बघा, सायेब."

सगळे हसले. मी भडकलो. "मामा, मी इथं खामखा आलेलो नाही!"

"खामखा कशाला? पगार घेऊन आलाव की. माझ्या डोक्यातलं काढून घ्यायला. काढून झालं की मला घरी बसवायला."

त्यांनी नेमकं तेच ओळखलं होतं, ज्याचा मी विचार करायचं टाळत होतो.

तीन दिवस मी नुसता त्यांच्याबरोबर बसलो. चौथ्या दिवशी नांदेडहून फोन आला, रोल तापतोय म्हणून. मामा फोनवर ओरडून समजावत होते आणि मला एकदम सुचलं, की हेच तर पाहिजे. कागद नको, आवाज पाहिजे. दोन्ही मिलमध्ये आणि माझ्याकडे कंपनीचा एकेक मोबाईल ठेवायचा, त्यावर एक ग्रुप करायचा. नांदेडवाल्यांनी मशीनचा आवाज भरून पाठवायचा, मामांनी तो ऐकून तोंडी उत्तर भरायचं. लिहायचं कुणीच नाही.

मामा तयार झाले, पण दोन अटी घालून. तसा सौदा मी आजवर दुसऱ्या कुणाशी केलेला नाही.

"एक, माझा आवाज माझाच ऱ्हायला पाहिजे. लिहून काढून दुसऱ्याच्या तोंडात घालायचा न्हाई. मी मेल्यावर बी मशीननं माझंच ऐकलं पाहिजे."

"आणि दोन?"

"सगळं भरलेलं एकदा घरी द्यायचं. आमची मंडळी रोज इचारती, मिलमधी करताव तरी काय एवढं? ऐकू दे तिला."

मी हे मालकापुढे ठेवलं. करार आधीच झालेला होता, त्यात कामाचं सगळं कलमवार होतं. म्हटलं, या दोन ओळी तेवढ्या घालू. मालक हसला. टेबलावरचा रुमाल उचलून त्याने आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

"मुखेडच्या दलालाचा लेक ना तू? मग बापाच्या रीतीनं कर की. दोन अटी, दोन बोटं." आणि त्याने माझी दोन बोटं दाबली.

मला, खरं सांगतो, भरून आलं. बाप जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत कुणी माझ्या हातावर रुमाल टाकला नव्हता. मी करार तसाच ठेवला. जगाला लिहा लिहा म्हणत फिरणारा मी, ती एक गोष्ट लिहून घेतली नाही.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या कामातली सगळ्यात चांगली. सकाळी मिल सुरू झाली की ग्रुपवर पहिला आवाज मामांचा. आधी खोकला, मग मागे रोलची घरघर, मग "ऐका रे बाबांनो." नांदेडवाले मुद्दाम खोड काढायचे. एकदा त्यांनी पिठाच्या गिरणीचा आवाज भरून पाठवला आणि विचारलं, "मामा, काय बिघडलंय?" मामांचं उत्तर आलं, "तुमचं डोस्कं. गिरणीवाल्याला त्याचं दळण करू द्या." मी नांदेडला चहाच्या गाड्यावर उभा राहून ते ऐकलं आणि चहा अंगावर सांडेपर्यंत हसलो. त्या आवाजात पाऊस असायचा, हमालांच्या हाका असायच्या, कधी मामा मध्येच थांबून कुणाला तरी "पोतं सरकव की" म्हणायचे. मी कितीतरी कंपन्यांत कितीतरी ग्रुप केले. बहुतेकांत सकाळी फुलांची चित्रं येतात आणि दुपारपर्यंत ग्रुप मरतो. हा एकच जिवंत होता. नांदेडची चुरी कमी झाली. मालकाने मला शाल घातली.

एक नियम मी फार कडक ठेवला होता : कंपनीच्या मोबाईलवरचं काही स्वतःच्या मोबाईलवर घ्यायचं नाही. मिलचं गुपित बाहेर जाईल म्हणून मालकाला तो हवा होता, आणि बोलणी करताना मी तो उदारपणे देऊन टाकला. स्वतःही पाळला. काम संपलं त्या दिवशी माझ्याकडचा मोबाईलही प्रामाणिकपणे परत केला.

"घरी द्यायचं तेवढं राहिलंय," मी म्हणालो.

"देतो की. पळून चाललोय का मी?"

वर्षाच्या आत मामांना घरी बसवलं. मी दुसऱ्या कामात होतो. फोन केला की ते म्हणायचे, "मालकानं काय दिलं न्हाई अजून." मी म्हणायचो, "शब्द दिलाय मामा, देतील." किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. मग मामा गेले.

तेराव्यानंतर मामींचा फोन आला. मी लातूरला गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. मामींनी आधी पाणी दिलं.

"चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात ऱ्हायलेला माणूस," त्या म्हणाल्या, "घरात बी वरडूनच बोलायचे. शेजारणी इचारायच्या, भांडायलाव का गं? आता घर लई गप हाय, बाबा. ते भरून ठेवलेलं हाय म्हणले होते. तेवढं आणून दे."

"त्यात सगळं मशीनचंच आहे, मामी."

"असू दे. खोकलले असतील की मधी कुठं."

तिथून मी सरळ मिलमध्ये गेलो. मालकाने हौसेने नवं ॲप दाखवलं. बाहेरच्या एका कंपनीकडून त्याने मामांचं सगळं बोलणं लिहून घेतलं होतं, प्रश्न-उत्तरं करून घेतली होती. त्याने बटण दाबलं. एका बाईचा गुळगुळीत, यंत्राचा आवाज म्हणाला, "दाणे तुटत असल्यास रोलचा दाब कमी करावा."

"आणि मूळ आवाज?"

"जुन्या मोबाईलमधलं सगळं पुसून ते बदलून टाकले. अरे, एक शब्द वाया गेला नाही. ज्ञान सगळं इथं आहे. आवाज ठेवून काय करायचं होतं?"

मी टेबलावर हात आपटला. त्याच्या चहाची बशी उडाली. "रुमालाखाली काय ठरलं होतं आपलं? दोन बोटं कुणी दाबली होती?"

तो शांतपणे बशी पुसत म्हणाला, "लिहून कुठं घेतलं होतंस? तूच सांगतोस ना सगळ्यांना, जे लिहिलं नाही ते राहिलं नाही."

माझं वाक्य. माझ्याच आवाजात त्याने म्हणून दाखवलं.

मग नांदेडच्या मिलमध्ये जाऊन मी एकेकाला विचारलं : कुणी चोरून एखादा तरी आवाज ठेवलाय का? नियम मोडलाय का कुणी? मी रागावणार नाही, पाया पडतो. कुणीच मोडला नव्हता. सगळे माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने बघत राहिले. मग रोलवरचा एक जण म्हणाला, "सायेब, मी करून दाखवू?" तो दोनदा खोकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "ऐका रे बाबांनो. दाणा रडायलाय." हुबेहूब. सगळे हसले, मीही हसलो, आणि तोंड धुवायचं निमित्त करून हौदाकडे गेलो.

अजूनही सकाळी हात मोबाईलकडे जातो. नव्या कामांचे पंचवीस ग्रुप आहेत त्यात. मी स्क्रीन वर वर सरकवत राहतो, जणू खाली कुठे तरी तो खोकला निघेल. बैठकीत ते वाक्य मी आता म्हणत नाही.

मामींकडे मी पुन्हा गेलेलो नाही. त्या महिन्यातून एकदा फोन करतात. "मिळालं का बाबा?" मी म्हणतो, शोधतोय. म्हणजे मी अजूनही त्यांना फसवतोच आहे. माझ्या वाट्याचं मी इथे लिहून दिलं आहे. या वेळी लिहून.

आता मालक, तुमच्या वाट्याचं बोला. मला शाल नको, खुलासा नको, वकिलाकडून कागद नको. ते मोबाईल कुठे गेले आणि त्या लिहून काढणाऱ्या कंपनीकडे एखादी प्रत उरली आहे का, हे शोधायचा जिम्मा तुमचा आहे. उरली असेल तर ती घेऊन, नसेल तर रिकाम्या हातांनी, पण स्वतःच्या पायांनी मामींच्या दारात जा. त्या आधी पाणी देतील. ते प्या, आणि मग तुम्ही दाबलेल्या दोन बोटांचं काय केलंत ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा.