कपाटाखालचं ड्रॉइंग

सत्त्याण्णव साली मी डोंबिवलीहून ठाण्याला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत जायचे. एका फ्रेंच कारखान्याची ड्रॉइंग्ज आमच्याकडे फ्लॉपीवर यायची. फाइलींच्या नावांत काही अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा असत आणि आमच्या जुन्या मशीनवर त्यांच्या जागी भलतीच चिन्हं उमटत. म्हणून अशी अक्षरं साधी करून फाइली उतरवून घेणारा प्रोग्राम मी लिहिला. त्या रेघा मला नुसती सजावट वाटल्या होत्या.

फाइली छापून गठ्ठा बांधायचं काम कळव्याच्या एका ताईंकडे होतं. त्या बोट ओलं करून कागद मोजायच्या. एके दिवशी यादीपेक्षा एक ड्रॉइंग कमी भरलं आणि आमचे सर ताईंवर भडकले.

"मी दोनदा मोजलंय, सर. मशीनने दिले तेवढेच आहेत."

"मग कागदाला काय पाय फुटले? मागचा गठ्ठाही असाच रखडला होता. चारपर्यंत मिळालं नाही तर उद्यापासून घरी बसा." मग सर माझ्याकडे वळले. "तुझ्या प्रोग्रामचं काही नाही ना?"

तपासलाय, असं मी इंग्रजीत सांगितलं. तपासला नव्हता. घाबरले की माझं मराठी आटायचं, आणि इंग्रजीत बोललं की सर पुढे विचारत नसत.

जेवणाच्या सुट्टीत बघितलं. दोन नावांत फरक होता तो एका रेघेचा. रेघ गेल्यावर नावं सारखी झाली आणि दुसरी फाइल पहिलीवर बसून पहिली पुसली गेली. मी प्रोग्राम दुरुस्त केला, राहिलेलं ड्रॉइंग छापलं. सरांच्या केबिनचं दार उघडंच होतं. कागद हातात घेऊन मी तिथवर गेले, आणि परत फिरले.

ताई हात धुऊन आल्या तेव्हा मी म्हणाले, "ताई, कपाटाखाली बघितलंत का?"

त्यांनी वाकून कागद काढला, पदराने पुसला आणि सरांची माफी मागून आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कोळंबीभात आणला. "खा गं. तू होतीस म्हणून वाचले."

मी डबा संपवला.

त्यानंतर ताई प्रत्येक गठ्ठा तीनदा मोजायच्या. संध्याकाळी निघताना वाकून कपाटाखाली बघायच्या. तेवढा वेळ मी पर्समध्ये काहीतरी शोधत असायचे.