हौद्यातली माती

माझ्या थोरल्या भावावर अन्याय झाला. पलटण लढाईवरून परतली त्याच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, छावणीच्या आखाड्यात. शेकड्यानं माणसं पाहत होती. आमच्या कानावर आलंच नाही, असं कोणी म्हणू नये.

भाऊ निजामाच्या मुलखातला शिपाई आणि पलटणीचा पहिल्या नंबरचा पैलवान. आम्ही महार. लढाईत एका खंदकात सगळं चाललं. छावणीत आल्यावर पंगत वेगळी, पाण्याचं मडकं वेगळं. कुस्तीला मात्र तोच हवा, कारण दुसऱ्या पलटणीचे गडी तोच चीत करी. तो जिंकून बाहेर आला की हौद्यातली वीतभर माती उपसायची, नवी टाकायची, मग बाकीचे पैलवान उतरायचे. दर कुस्तीला हेच. मी घाटनांदूरहून पायी जाऊन हे पाहिलं, टाळ्या पिटल्या आणि घरी आलो. त्याची लाज मला आजही वाटते.

त्या दिवशीही समोरचा गडी चीत झाला. दोघं फावडी घेऊन आले. भाऊ निघालाच नाही. हौद्यात मधोमध मांडी घालून बसला.

जमादार ओरडला, "ऊठ बे! काहून बसलास?"

"माती काढणार न्हाई म्हणा, उठतो."

"लई माजलास. हुकूम हाय!"

"जमादारसाहेब, ह्या गड्याच्या पाठीला बी हीच माती हाय. त्याला बी उपसून फेकता का?"

लोक खदखदा हसले. हरलेला गडीही हसला. तेच जमादाराला झोंबलं. त्यानं दंड धरून ओढलं. भाऊ हलला नाही, हात मांडीवरच. शेवटी चौघांनी उचलून नेला. कागदावर मात्र आलं, 'जमादारावर हात उगारला.' पट्टा काढून घेतला, कोठडीत डांबला.

तीन महिने झाले. परवा भेटू दिलं, तर दंड वाळून काठी झालेत. पलटणीचे साहेब म्हणतात, हात उगारला नाही असं सांगणारे पलटणीबाहेरचे, नात्याबाहेरचे दोन साक्षीदार आणा, नाहीतर नाव कायमचं कापतो. मी परळीपासून आष्टीपर्यंत दारोदार फिरलो. सगळ्यांनी पाहिलंय. "पाहिलं रे गड्या, पण आमचं नाव घेऊ नको." हसताना बरं भ्यायला झालं नाही!

सोमवारी सुनावणी आहे. हौद्याच्या काठाशी तुम्ही उभे होता. छावणीच्या कचेरीत या आणि स्वतःच्या तोंडानं सांगा, त्याचे हात मांडीवर होते.