झाकून ठेवलेली कणीक

बाइंडरकाकांच्या हातच्या पोळ्या एकदा खाऊन बघाच, असं गल्लीत जो तो सांगायचा, आणि सांगणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द बाइंडरकाकांचा. आता माणसाने स्वतःचं कौतुक स्वतःच किती करावं याला काही धरबंध असतो की नाही? पण काकांचंही काय चुकलं म्हणा. जन्म गेला पुस्तकं बांधण्यात. बांधणी चांगली झाली तर लोक पुस्तकाकडे बघतात, बाइंडरकडे कोण बघतं? दुकान बंद केलं, केस पांढरे झाले, आणि आता कुठे कोणीतरी तोंड भरून वाहवा करत होतं. माणूस शेफारला.

स्वयंपाकघरात ते हौसेने शिरले नव्हते. काकूंना संधिवाताने गाठलं. आधी बोटं नुसती सकाळची आखडायची, मग दिवसभर आखडायला लागली, आणि शेवटी लाटणं हातात धरवेना. डॉक्टर म्हणाले, मळणं-लाटणं बंद. भाजी काका चिरून द्यायचे, काकू उभ्या राहून कशीबशी परतायच्या. पोळ्या विकतच्या आणून बघितल्या, त्या काकांच्या गळ्याखाली उतरेनात.

"मीच करतो," एक दिवस ते म्हणाले.

"तुम्ही?" काकू हसल्या. "पाणी गरम करताना पातेलं जाळता तुम्ही."

पहिल्या दिवशी कणकेत एवढं पाणी ओतलं, की झाली ती निव्वळ खळ. पुठ्ठ्याला कापड चिकटवायला अगदी बेस्ट. काकू खुर्चीत बसून पोट धरधरून हसल्या. पण काका चिकट माणूस, कणकेपेक्षा चिकट. रोज उठून तेच. काकू खुर्चीतून सांगायच्या, पाणी कोमट घ्या, एकदम ओतू नका, मीठ विसरलात, तळहाताने दाबा हो, बोटांनी काय गुदगुल्या करताय. हळूहळू हाताला समजायला लागलं. सकाळचा नाश्ता उरकला की काका सावकाश कणीक मळायचे, तेलाचा हात लावायचे, काकूंनी सांगितलं तसं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे आणि पेपर वाचायला बसायचे. पेपर संपला, बाजारातून जाऊन आले, दोन माणसांशी गप्पा झाल्या, की मग पुन्हा एकदा कणीक तिंबून लाटायला घ्यायची. लाटीला तेलाचं बोट, वरून चिमूटभर पीठ, घडी, पुन्हा लाटणं. तव्यावर पडली की पोळी टम्म फुगायची. दुसऱ्या दिवशीही मऊ. दात नसलेल्या शेजारच्या आजोबांनी खाल्ली आणि बोट वर करून 'अजून एक' अशी खूण केली. मग काय, काका हवेतच.

आणि इथेच गोष्ट बिघडायला सुरुवात झाली.

काकांची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. जेवताना तिने पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "दादा, अरे काय मऊ! खरं सांगू? या घरात इतकी वर्षं येतेय, अशी पोळी पहिल्यांदा खाल्ली." मग खिदळत म्हणाली, "वहिनी, दादा तुमच्या पोळीला काय म्हणायचा आठवतंय ना? हा पुठ्ठा कुठल्या पुस्तकाला लावू?"

तो काकांचा जुना विनोद. काकूंच्या पोळ्या पहिल्यापासून वातड. काका पोळी कडेने धरून ताटावर हलवून दाखवायचे आणि हे वाक्य टाकायचे. पाहुणे असले की हमखास. सगळे हसायचे, काकूही हसायच्या. आताही हसल्या.

इथे गप्प बसावं की नाही माणसाने? पण नाही. काका म्हणाले, "त्याचं काय आहे, नुसतं राबून उपयोग नसतो. हातात असावं लागतं."

बोलून गेले आणि पुढचा घास तोंडात घातला. काकूंनी ताटातली पोळी अर्धी टाकली. "आज भूक नाही मला," म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकूंची भूक जी गेली ती गेलीच. पोळी समोर आली की एखादा घास, मग ताट बाजूला. संध्याकाळी दुधात पाव बुडवून खायच्या. ब्लाउज सैल पडायला लागले, गालफडं बसली. काकांनी विचारलं तर, "काही नाही हो, तोंडाला चव नाही." डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टॉनिक दिलं. टॉनिकने काय होणार होतं? काकांना मनातून सगळं ठाऊक होतं. बायकोचं दुखणं बोटांतलं, ते त्यांनी जिभेने वाढवून ठेवलं. बिचारीचे हात तर गेलेच, आणि हातांची उरलीसुरली पतही आपण चारचौघांत घालवली. भांडी घासताना, अंथरुणं घालताना तेच वाक्य आठवायचं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. पण माफी मागायची म्हणजे विषय काढायचा, आणि विषय काढायला जीभ रेटेना.

मग त्यांनी एक शहाणपणा केला. शहाणपणा कसला, दीडशहाणपणा! एक दिवस मुद्दाम पोळ्या बिघडवल्या. एक कच्ची, एक करपलेली, एक कडेला जाड. चेहरा पाडून ताट समोर ठेवलं. "आज काही जमलंच नाही बघ. तुझी सर नाही कशाला."

काकूंनी पोळी उलटून पाहिली. मग काकांकडे पाहिलं. काकू फारशा चिडायच्या नाहीत, पण त्या दिवशी आवाज चढला.

"मुद्दाम केल्यात ना? मी काय लहान मूल आहे, मला हरल्यासारखं करून दाखवायला? कीव करू नका माझी. त्यापेक्षा पुठ्ठा म्हणा, ते बरं."

काका इतके ओशाळले की जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या पुन्हा चांगल्या व्हायला लागल्या, आणि काकूंचा पाव चालूच राहिला. परगावच्या लेकीला फोनवर सांगायचीही चोरी. काय सांगणार? तुझी आई जेवत नाही, कारण मी पोळ्या चांगल्या करतो?

पुढच्याच महिन्यात लेकीला ऑफिसने या गावात ट्रेनिंगला पाठवलं, म्हणून ती घरीच उतरली. आईला बघून चरकलीच. "आई, किती वाळलीस गं!" काकूंनी विषय टोलवला. रात्री ती काकांना म्हणाली, "बाबा, मला बाहेरचं पचत नाही. उद्या डबा द्याल? तुमच्या पोळ्यांचं नुसतं ऐकतेय. पण लवकर निघायचंय हं मला."

"अगं, डबा काय, राजेशाही डबा देतो!"

आणि सकाळी गजर काही वाजला नाही. वाजला असेल तर काकांना ऐकू आला नाही. जाग आली तेव्हा लेक केस विंचरत होती. काका धडपडत उठले. नळाला पाणी आलेलं, ते भरायला लावलं. दूध गॅसवर चढवलं. काकूंना ब्लाउजची बटणं लावता यायची नाहीत, ती काका लावून द्यायचे. ती लावेपर्यंत तिकडे दूध उतू गेलं. ओटा पुसला. बादली भरून वाहायला लागली, ती हलवली. मग कुठे परात घेतली. पीठ, पाणी, मीठ, भराभर मळलं, आणि झाकून ठेवायचं तर सोडाच, त्याच हाताने लाट्या करायला घेतल्या.

लाटी लाटावी तर पुन्हा आखडून पहिल्याएवढी. जोर लावला तर कडा फाटल्या. घडी तर नीट बसेचना. तव्यावर एकही फुगली नाही, नुसते कडक डाग पडले.

"बाबा, झाला का डबा?" लेकीने दारातून विचारलं. चप्पल एका पायात, दुसरीचा बंद हातात. "उशीर होतोय मला. झाला का?"

काकांचा हात तव्यावरच थांबला.

ही हाक त्यांच्या ओळखीची होती. हे दार, ही घाई, हाच सूर. फक्त तेव्हा दारात ते उभे असायचे आणि ओट्याशी काकू.

कसाबसा डबा भरून दिला. लेक गेली. ताटलीत एक पोळी उरली होती. काकांनी उभ्याउभ्याच तिचा तुकडा मोडला आणि चावला. चावत राहिले. वातड. पण नुसती वातड नव्हती. ही पोळी त्यांनी हजारदा खाल्ली होती. हुबेहूब काकूंच्या हातची.

ते स्टुलावर बसले. सगळं एकामागून एक समोर यायला लागलं. सकाळी नळ यायचा, पाणी काकू भरायच्या. लेकीची शाळा, वेण्या. आणि हे महाराज उशिरा उठून, दाढी करून, दारात उभे, झाला का डबा? आदल्या दिवशीची भिजवलेली कणीक घरात चालायची नाही, हा नियमही महाराजांचाच. "ताजी मळायची, ताजी लाटायची. शिळ्या कणकेची पोळी मी खाणार नाही." मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग ती बाई कणकेला वेळ देणार कुठून? आणि स्वतः? दुकानात गिऱ्हाइकाने घाई केली की हेच त्याला ऐकवायचे, बांधलेलं पुस्तक दाबाखाली ठेवू दे, उद्या या, माझ्याकडे घाईचं काम होत नाही. पुठ्ठ्याला वेळ द्यायचा हे कळत होतं. पोळीला नाही कळलं. हातात असावं लागतं म्हणे! हातात डोंबल होतं. रिकामा वेळ होता, बस्स.

लाज अशी वाटली, की गॅस चालू आहे, तवा तापतोय, हेही भान राहिलं नाही. वास आला म्हणून काकूच आत आल्या आणि मनगटाने बटण फिरवून त्यांनी गॅस बंद केला.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

काकांनी ताटली पुढे केली. "ही खाऊन बघ."

"आता पुन्हा नवीन नाटक काय?"

"नाटक नाही गं. खरंच अशी झाली. घाईत झाली. तुझं कधीच काही चुकत नव्हतं. कणीक भिजायला वेळ लागतो, आणि तो मी तुला एक दिवस दिला नाही. वर चारचौघांत तुझी थट्टा केली. माझं चुकलं. फार चुकलं."

काकू उभ्याच राहिल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि वाकडी बोटं मांडीवर ठेवली.

"माहेरी पोळ्या मीच करायचे," त्या म्हणाल्या. "कणीक आदल्या रात्रीच भिजवून झाकून ठेवायची, आईने शिकवलं होतं. वडील म्हणायचे, हिच्या पोळीला दात लागत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा तशीच ठेवली होती, आल्या आल्या, दुसऱ्याच दिवशी. तुम्ही सकाळी झाकण उघडून बघितलंत, शिळी म्हणालात आणि केराच्या डब्यात टाकलीत."

"मी?"

"मग कोण? मी नवी होते, काय बोलणार? पुढे तुम्ही पुठ्ठा म्हणायला लागलात. पहिली काही वर्षं मी मनात म्हणायचे, थांबा, एकदा करून दाखवते. मग राहूनच गेलं. मग वाटायला लागलं, की माहेरचं ते सगळं मीच मनाने वाढवून ठेवलंय, लेकीचं कौतुक म्हणून वडील बोलत असतील. माझ्या हातातच काही नसेल. मग तुम्ही करायला लागलात. आधी मला बरं वाटायचं, आपणच शिकवलं म्हणून. पण वन्सं आल्या त्या दिवशी, हातात असावं लागतं म्हणालात, तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तीच चव हो. अगदी माझ्या माहेरच्या पोळीची. तेव्हापासून गिळवत नाही."

त्या सकाळचं काहीतरी आठवतंय का, म्हणून काका जीव तोडून आठवायला लागले. परात कुठली होती, काकू कुठे उभ्या होत्या, झाकण उचलून आपण नेमकं काय म्हणालो. काकू समोर बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"आठवत नाही ना?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान हलवली. खरंच काही आठवत नव्हतं.