शनीची दहावी दृष्टी

वडिलांच्या पत्रिकेत शनी लग्नी, म्हणजे पहिल्या घरात होता आणि त्याची दहावी दृष्टी कर्मस्थानावर पडत होती. आमच्या घरातली सकाळ या दृष्टीच्या धाकात उजाडायची. अशा माणसाचं काम रखडतं, आणि वरची जागा मिळालीच तर ती अपमान करून जाते, असं गावच्या ज्योतिषानं त्यांना ऐन तरुणपणात सांगितलं होतं. म्हणून ते पाळी सुरू होण्याच्या कितीतरी आधी कारखान्यात पोचत. प्रेस मशीनला तेल देत, एकेक बोल्ट हातानं चाचपून बघत. आई त्यांच्याही आधी उठे. शनिवारी ती कधी माहेरी गेली नाही. सुपरवायझरची जागा चालून आली तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. पुन्हा आली तेव्हाही. आम्ही दोन खोल्यांतच राहिलो. बरोबरीच्या बायका बोलायच्या, पण आईनं कुरकुर केली नाही.

"त्यांच्या हातात होतं का ते?" एवढंच ती म्हणायची. वडील गेल्यावर तर तिला या एका वाक्याचाच आधार उरला होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. वडिलांची थोरली बहीण, सुदुंबऱ्याची आत्या, मागे राहिली. दुपारी आई गवार मोडत होती, मी पुस्तक घेऊन दाराशी बसले होते. आत्या भिंतीला टेकून बोलत होती, आणि बोलता बोलता वडिलांच्या जन्मावर आली. आजीचं माहेर बेगडेवाडीला, रुळांच्या कडेला. त्या घरात घड्याळ नव्हतं, गाड्यांवरून वेळ कळायची.

"सकाळची मुंबईची गाडी धडधडत गेली अन् ह्यो रडला. मामानं भटजीला जाऊन सांगितलं, गाडी गेली तवा झाला. भटजीनं गाडीची रोजची येळ लिवली. पन त्या दिशी घाटात दरड पडलेली, गाडी आली पार ऊन चढल्यावर! गाडी गेल्याबिगर मामाची न्याहारी न्हाई. त्यो उपाशी नुसता भुंकत व्हता." आत्या हसली.

मला हसू आलं नाही. पत्रिकेची पुस्तकं मी वाचली होती. जन्मवेळ तास-दोन तास पुढे गेली तर लग्न पुढच्या राशीत सरकतं. मग शनी बाराव्या घरात जातो आणि तिथून कर्मस्थानाकडे तो बघतच नाही.

"आत्या, चहा टाकू?" मी उठले.

"बस गं. हिची आपली कायम घाई."

आईचे हात थांबले होते. "किती उशिरा आली गाडी, वन्सं?"

"लय. आंगनातलं दळण वाळत आलं व्हतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू वाचतेस ना यातलं? उशिरानं काही फरक पडतो?"

खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी एक शब्दही सुचत नाही. मी पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. फरक पडत नसता, तर मी लगेच नाही म्हटलं असतं. हे तिला कळलं, आणि तिला कळल्याचं मलाही कळलं.

"वन्सं," ती म्हणाली, "गाडी वेळेवर आली होती."

"अगं वयनी, मी सोता तितं—"

"वेळेवर आली होती." आवाज चढला नव्हता. पण असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं, ती काही चालू होत नव्हती.

"आसंल बाई," अखेर आत्या म्हणाली. "मी तवा शेंबडी पोर. माझ्या काय ध्येनात ऱ्हातंय!"

नंतर तीन-चार दिवस ती राहिली. भावाच्या खोड्या सांगितल्या, आजारपणं सांगितली. जन्माचं मात्र पुन्हा काढलं नाही.