तिकिटाच्या खिडकीतले अण्णा

म्युझियमच्या खिडकीत तिकिटं द्यायचे त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी अण्णा म्हणायची, ते मला अक्का. परगावच्या कुणी आठवड्याचा पास मागितला, की ते तोंडातलं पान गालात सरकवून आधी विचारायचे, "बेंगळुरात किती दिवस?" एकच दिवस म्हटलं, की पास द्यायचेच नाहीत. "कशाला वाया घालवता? साधं तिकीट घ्या, सरी?" सरी म्हणजे त्यांच्या कानडीत 'बरं का'.

नवरा गेल्यावर दिरानं मला पोरीसकट घराबाहेर काढलं. तवापासून मी म्युझियममध्ये झाडलोट करायची. पोर मोठी केली, कुणापुढं रडले नाही.

एक दिवस तोच दीर जावेला घेऊन खिडकीशी उभा. मला बघून हसला. "काय वैनी, शेवटी झाडूच आला का हातात?" मग अण्णांना म्हणाला, "पास घेणं परवडतंय का हो?"

"किती दिवस?"

"रात्रीच्या गाडीनं जाणार."

"मग पास नको, तिकीट घ्या. आणि मूर्तींच्या खोलीत चपला काढून जायचं."

"असा नियम आहे?"

"अक्कांनी आत्ताच फरशी पुसलीय. इथं त्यांचं चालतं."

असला नियम कधीच नव्हता. पण खोलीच्या दाराशी दीर वाकला, चपला काढल्या, जावेनंही काढल्या.

मी झाडू लपवला नाही. तो हातात धरूनच पुढं चालले, आणि ती दोघं अनवाणी माझ्या मागून आली.